कॅथलिक शाळांचा कारभार कोणाच्या हाती?

महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या नोकरवर्गाच्या सेवाशर्ती ज्या 1977 सालच्या अधिनियमाने बांधून दिल्या, त्याच्या तिसऱ्या कलमात एक लहानसे पोटकलम आहे, आणि शाळांच्या दप्तरांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्याखेरीज फारच थोड्यांच्या ते वाचनात आले असेल. अल्पसंख्याकांनी चालविलेल्या शाळेचा प्रमुख, आणि व्यवस्थापनाने ज्यांची नावे शिक्षण संचालकांस कळविली असतील अशा आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती, यांच्या भरतीस या अधिनियमाची बंधने लागू होणार नाहीत, असे ते पोटकलम सांगते. इतर शाळांत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की सेवाज्येष्ठतेची यादी पुढे येते, तिच्यावरून तक्रारी होतात आणि प्रकरण कधी कधी शाळा न्यायाधिकरणापर्यंत जाते. कॅथलिक शाळेत मात्र ती यादी बाजूस ठेवून धर्मप्रांताला अथवा धर्मसंघाला आपल्या पसंतीची व्यक्ती त्या खुर्चीवर बसविता येते. इतकी मोठी मुखत्यारी कायद्याने ज्यांच्या हाती दिली त्यांनी तिचा विनियोग आजवर कसा केला, आणि व्रतस्थ माणसांची संख्या घटू लागली असता तो पुढे कसा करावा, याचा विचार मला बरीच वर्षे अस्वस्थ करीत आलेला आहे.

कायद्याने ही मोकळीक दिली त्याच्या कितीतरी आधीपासून ती वहिवाटीत होती. जेझुइट संघाने 1599 साली आपल्या विद्यालयांसाठी जी अध्ययनसंहिता सिद्ध केली, तिच्यात रेक्टराची कर्तव्ये कोणती, अध्ययनाच्या अधीक्षकाची कोणती, वर्गशिक्षकाची कोणती, हे इतक्या बारकाईने नोंदलेले आहे की आजच्या एखाद्या प्रशासकानेही ते वाचून काही शिकावे. गोव्यास तर ही परंपरा त्याहून जुनी. सेंट फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये तेथे उतरले, आणि पुढे सेंट पॉल कॉलेजाचा कारभार जेझुइटांकडे आला. 1616 मध्ये प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण ज्यांनी मराठीत रचले ते फादर स्टीफन्स साष्टीच्या कॉलेजाचे रेक्टरही होते, ही गोष्ट त्यांच्या ओव्यांच्या गोडव्यापुढे आपण विसरून जातो. कारभार आणि काव्य एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे त्या एका उदाहरणावरून दिसते, आणि शाळेच्या प्रमुखाकडून कोणती अपेक्षा धरावी याचे ते मला नेहमी एक माप वाटत आले आहे.

मुंबई इलाख्यातील आजची परंपरा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. वुडच्या 1854 सालच्या खलित्याने खाजगी शाळांस सरकारी अनुदानाचे दार उघडले, आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस, माझगावचे सेंट मेरीज, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स आणि मुंबईचे सेंट झेवियर्स अशा शाळा एकामागून एक उभ्या राहिल्या. त्यांपैकी बहुतेकांचा कारभार जर्मन भाषिक जेझुइटांच्या हाती होता. अनुदान आले तसे तपासनीसही आले. हजेरीपट, फीचा जमाखर्च आणि परीक्षेचे निकाल दिपोटीसाहेबांसमोर मांडावे लागू लागले, आणि व्रतस्थ धर्मगुरू हा एकाच वेळी आपल्या प्रांताधिपतीचा आज्ञाधारक आणि सरकारचा हिशेबनीस झाला. हा दुहेरी अंमल आजही तसाच आहे. पुढे 1914 चे महायुद्ध आले, इंग्रज सरकारने जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत टाकले, त्यांची मायदेशी रवानगी केली, आणि ज्यांच्यावाचून शाळा चालणारच नाही असे सर्वांना वाटत होते ती माणसे निघून गेली. शाळा तरीही बंद पडल्या नाहीत. देशी धर्मगुरू, वर्गावर्गांतले प्रापंचिक शिक्षक आणि पुढे 1922 च्या सुमारास आलेले स्पॅनिश जेझुइट यांनी त्या सावरल्या. व्रतस्थ माणसे कमी पडली की सारे संपले, असे म्हणणाऱ्यांनी ही आठ वर्षे आठवावीत.

या पदावरच्या माणसाचा दिवस कसा जातो याची बाहेरच्यांना कल्पना नसते. वसईकडील एका शाळेच्या कार्यालयात एका जूनमध्ये मी बसलो होतो. प्रवेशांचे दिवस, बाहेर पालकांची रांग. वेतन पथकाच्या कार्यालयातून देयकातल्या एका त्रुटीबद्दल दोनदा फोन येऊन गेलेला. संचमान्यतेत एक शिक्षक अतिरिक्त ठरण्याची चिन्हे दिसत असल्यामुळे पर्यवेक्षक कागद घेऊन दाराशी तिष्ठत उभे. इतक्यात एक वृद्ध गृहस्थ आले आणि नातवाच्या जातपडताळणीसाठी आपल्या वडिलांच्या नोंदीचा उतारा मागू लागले. मुख्याध्यापिका सिस्टर स्वतः उठल्या, कपाटातून कापडी पुठ्ठ्याचे जनरल रजिस्टर काढले, जीर्ण पानांना पातळ कागदाची ठिगळे लावलेली होती, आणि बोटाने ओळ धरून त्यांनी ती नोंद मोठ्याने वाचली. वडिलांच्या नावात तेव्हाच्या कारकुनाने एक काना कमी घातला होता. लिपिकाने तो सुधारून टंकलिखित करावयास घेतला तेव्हा सिस्टरनी त्याला थांबविले. "जे आहे तेच उतरवा, आणि खाली 'मूळ नोंदीप्रमाणे' असा शेरा मारा," असे त्या म्हणाल्या, आणि मग त्या वृद्धाला बसावयास सांगून त्यांनी तो उतारा स्वतः मुळाशी ताडून पाहिला. त्या दोन ओळींवर एका मुलाच्या शिष्यवृत्तीचा आणि पुढच्या नोकरीचा भार होता, आणि सहीखाली पद त्यांचे होते. शाळेचे प्रमुखपद म्हणजे काय, हे मला त्या पंधरा मिनिटांत जेवढे कळले तेवढे अनेक परिषदांतील भाषणांनी कळले नव्हते.

मुंबईसारख्या महाधर्मप्रांतात या पदाची रचना बाहेरून दिसते त्याहून गुंतागुंतीची असते. धर्मग्रामाच्या शाळेत प्रमुख धर्मगुरू हेच बहुधा मॅनेजर असतात. त्यांच्याखाली मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक. आणि या सर्वांवर महाधर्मप्रांताचे शिक्षण मंडळ, जे शंभरांहून अधिक शाळांतील नेमणुका, बदल्या आणि धोरण पाहते. धर्मसंघांच्या शाळांची तऱ्हा निराळी. तेथे प्रांताधिपतीच्या एका पत्राने मुख्याध्यापिका मुंबईहून नाशिकला किंवा गोव्याला जाते, आणि आज्ञापालनाचे व्रत असल्यामुळे ती तक्रार करीत नाही. या व्यवस्थेचा फायदा उघड आहे: खुर्चीची आसक्ती जडत नाही, गटबाजीला मूळ धरता येत नाही. तोटाही तितकाच उघड आहे, पण त्याबद्दल बोलले जात नाही. एखाद्या शाळेची माती कळू लागते न लागते तोच माणूस हलतो. नवा येतो तो आपली घडी बसवू लागतो. आणि शाळेची खरी स्मृती वीस-पंचवीस वर्षे एकाच ठिकाणी राहिलेल्या प्रापंचिक शिक्षकांपाशी आणि शिपायापाशीच साठून राहते.

न्यायालयांनी या पदाकडे फार आदराने पाहिले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. केरळ शिक्षण विधेयकावरील 1958 च्या मतप्रदर्शनात सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्काची रूपरेषा आखली. आणि अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 1974 मध्ये ती ठळक केली. कालिकतचे बिशप पत्रोनी यांच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने 1960 च्या दशकातच सांगून टाकले होते की शाळेचा सारा स्वर आणि प्रकृती मुख्याध्यापकाभोवती फिरते, म्हणून त्याची निवड हा व्यवस्थापनाच्या हक्काचा गाभा होय. मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजाच्या 2006 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र पुढे नेले: उमेदवार विहित अर्हता धारण करीत असेल, तर प्राचार्य म्हणून तोच का निवडला हे व्यवस्थापनास विचारता येणार नाही. येथवर सर्व ठीक. पण ज्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही त्याने तो प्रश्न स्वतःला विचारण्याची जबाबदारी दुप्पट होते, आणि ही जबाबदारी सर्वत्र सारख्याच गंभीरतेने घेतली गेली असे मला म्हणवत नाही.

माझ्या परिचयाच्या एक पर्यवेक्षिका होत्या. सत्तावीस वर्षे त्यांनी एकाच शाळेत गणित शिकविले. वेळापत्रक त्या करीत, परीक्षांचा बंदोबस्त त्या ठेवीत, आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात शाळेचे कोणते प्रकरण कोणत्या टेबलावर अडकले आहे हे त्यांना ठाऊक असे. मुख्याध्यापकपद रिकामे झाले तेव्हा एका धर्मगुरूंची नेमणूक झाली. ते विद्वान आणि सज्जन होते, पण त्यांनी आयुष्यात एकही वर्ग सलग वर्षभर शिकविलेला नव्हता. बाईंनी त्यांना दोन वर्षे हाताला धरून कारभार शिकविला, आणि ते तो शिकले तेव्हा त्यांची बदली झाली. पुढचे आले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या निरोपसमारंभात पुष्कळ गोड भाषणे झाली. मी शेवटच्या रांगेत बसून ती ऐकली आणि घरी आल्यावर मला झोप आली नाही. नियमाविरुद्ध काहीच घडले नव्हते. अन्याय मात्र झाला होता, आणि त्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे मला त्या रात्री उमगले.

धर्मसभेचे स्वतःचे शिक्षण याहून फार पुढे गेलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनामा काढला. रोमच्या शिक्षणविभागाने 1977 मध्ये कॅथलिक शाळेवर आणि 1982 मध्ये शाळांतील प्रापंचिकांवर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केले, आणि त्यांपैकी दुसऱ्यात प्रापंचिक शिक्षकाचे कार्य हे त्याचे स्वतःचे पाचारण आहे, व्रतस्थांच्या अभावी केलेली तात्पुरती तजवीज नव्हे, अशी भूमिका घेतली. 1983 च्या धर्मसंहितेतही कॅथलिक शाळेच्या प्रमुखाने धर्मगुरूच असावे असे कोठे म्हटलेले नाही. शिक्षकांची सिद्धांतनिष्ठा आणि आचरणशुद्धी तेवढी मागितलेली आहे, आणि शाळांची पाहणी करण्याचा अधिकार बिशपांना दिलेला आहे. तेव्हा वहिवाट आणि शिकवण यांत जे अंतर पडले आहे ते सवयीचे आहे.

अमेरिकेत ही सवय परिस्थितीनेच मोडली. बाल्टिमोरच्या 1884 च्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने शाळा उभारावी असा दंडक घातला आणि धर्मभगिनींच्या जवळजवळ विनावेतन श्रमावर जगातील एक प्रचंड खाजगी शिक्षणव्यवस्था तेथे उभी राहिली. 1960 च्या दशकाच्या मध्यास तिच्यात पन्नास लाखांहून अधिक मुले शिकत होती. 1920 साली तेथील कॅथलिक शाळांत दहांपैकी नऊ शिक्षक व्रतस्थ होते. आज शंभरांत तीनही नाहीत. मुख्याध्यापक प्रापंचिक, धर्मप्रांताचा शाळा-अधीक्षक प्रापंचिक, आणि फिलाडेल्फियासारख्या ठिकाणी 2012 पासून माध्यमिक शाळांचा कारभारच एका प्रापंचिक प्रतिष्ठानाकडे सोपविलेला. पण ही माणसे वेळेवर तयार केली गेली नव्हती. वेतने वाढली, फी वाढली, हजारो शाळा मिटल्या, आणि उशिरा का होईना विद्यापीठांतून कॅथलिक शाळाप्रमुखांसाठी खास अभ्यासक्रम निघाले. आपल्याकडे त्या मानाने धर्मसंघांत माणसे आहेत. मात्र मुंबई, वसई आणि गोवा या जुन्या ख्रिस्ती मुलखांतून पूर्वीसारखी पाचारणे येत नाहीत, हे कोणताही प्रमुख धर्मगुरू खाजगीत कबूल करील. अमेरिकेला जो अवधी मिळाला नाही तो आपल्याला मिळाला आहे.

पैशाचा प्रश्नही येथेच येतो. अनुदानित शाळेतील धर्मभगिनीचे वेतन तिच्या हाती राहत नाही. दारिद्र्याच्या व्रतानुसार ते धर्मसंघाच्या तिजोरीत जाते, आणि त्यावरच संघाच्या वृद्ध भगिनींचे आजारपण, खेड्यांतील दवाखाने आणि विनाअनुदान शाळा चालतात. या वेतनावर करकपात करता येईल असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, तेव्हा अनेक संघांचे ताळेबंद पुन्हा मांडावे लागले. प्रापंचिक मुख्याध्यापक आला की ते वेतन संघाकडे येणार नाही, हे कारण कोणी उच्चारीत नाही. पण नेमणुकांच्या विचारात ते असते, आणि ते उघडपणे मांडून सोडविले तरच सुटेल.

प्रमुखाच्या निवडीने शाळेत काय घडू शकते, हे पाहावयाचे तर कोलकात्याच्या सियालदाकडे पाहावे. मदर तेरेसा याच शहरात एंटालीच्या सेंट मेरीज शाळेच्या 1944 पासून मुख्याध्यापिका होत्या आणि 1948 मध्ये त्यांनी शाळेची भिंत ओलांडून वस्तीची वाट धरली, हे सर्वांस ठाऊक आहे. सिस्टर सिरिल मूनी यांनी निराळे केले: त्यांनी वस्तीलाच भिंतीच्या आत आणले. आयर्लंडमधून आलेल्या या लोरेटो भगिनी 1979 मध्ये सियालदाच्या लोरेटो डे स्कूलच्या प्रमुख झाल्या आणि 2011 पर्यंत तेथेच राहिल्या. हळूहळू त्यांनी शाळेतल्या जवळजवळ निम्म्या जागा फी न देऊ शकणाऱ्या मुलींना दिल्या. रेल्वेस्थानकाच्या परिसरातल्या मुलींसाठी शाळेच्या गच्चीवर निवारा केला. आणि शाळेतल्या सुस्थितीतील मुलींनी या मुलींना शिकवावयाचे, हे वेळापत्रकातच बसवून टाकले. त्यांना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला त्या वेळापत्रकाचे मोल अधिक वाटते, कारण दया ही त्यांनी वर्षातून एकदा काढावयाच्या वर्गणीची बाब न ठेवता मंगळवारच्या चौथ्या तासासारखी नित्याची केली. आणि हे करावयास त्यांना बत्तीस वर्षे मिळाली. दर पाच-सहा वर्षांनी त्यांची बदली झाली असती तर ती गच्ची रिकामीच राहिली असती.

वरिष्ठ प्रशासकाच्या निर्णयांचा पल्ला एका शाळेपुरता नसतो. गोव्यात 1887 साली हडफड्याला फादर लायन्स यांनी इंग्रजी शाळा काढली ती मुंबई आणि आफ्रिकेकडे पोटासाठी जाणाऱ्या मुलांकरिता; मुक्तीनंतर, 1990 मध्ये, प्राथमिक अनुदान स्थानिक भाषांपुरते ठेवण्याचे सरकारने ठरविताच महाधर्मप्रांताने आपल्या शंभरांहून अधिक प्राथमिक शाळा कोकणी माध्यमाकडे वळविल्या; आणि 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळू लागल्यावर त्यांपैकी बहुतेक परत फिरल्या. वसईत धर्मगुरूंनी खेडोपाडी काढलेल्या मराठी शाळांनी एका शेतकरी समाजाला दोन पिढ्यांत शिक्षक, लेखक आणि संपादक दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले त्यामागे ही पुण्याई होती. त्या शाळांचे मराठी वर्ग आज ओस पडत आहेत. पालक इंग्रजी मागतात हे खरे. परंतु पालकांसमोर बसून, मराठी माध्यमातही उत्तम इंग्रजी कसे शिकविता येते हे पटवून देणारा मुख्याध्यापक किती ठिकाणी नेमला गेला, याचा हिशेब मंडळांनी मांडावा.

यापुढचा काळ सोपा नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील सुमारे 74 टक्के मुले ख्रिस्तीतर आहेत; शिक्षणहक्क कायद्यातून या शाळांना 2014 मध्ये जी सूट मिळाली तिचा फेरविचार व्हावा असे सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने सप्टेंबर 2025 मध्ये सुचविले; आणि भारतीय बिशप परिषदेने 2024 मध्ये सर्व धर्मांच्या मुलांचा मान राखावा, सकाळी घटनेची उद्देशिका म्हणावी, अशा सूचना आपल्या शाळांना दिल्या. या सूचना कागदावरून प्रार्थनासभेत कशा उतरतील, हे शेवटी मुख्याध्यापकावरच अवलंबून आहे. त्याला कायदा कळला पाहिजे, हिशेब कळला पाहिजे, सुवार्ता कळली पाहिजे, आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बाईचा चेहराही वाचता आला पाहिजे. ही माणसे मेमध्ये बदलीचे पत्र काढून जूनमध्ये निर्माण होत नाहीत.

म्हणून धर्मप्रांतांच्या शिक्षण मंडळांना आणि धर्मसंघांच्या प्रांताधिपतींना माझी विनंती आहे. प्रमुखाची जागा रिकामी होणार हे निदान दोन वर्षे आधी ठाऊक असते. त्याच वेळी व्रतस्थ आणि प्रापंचिक अशा दोन्हींतून उमेदवार पाहावा, त्याला एक वर्ष दप्तरात आणि एक वर्ष उपमुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसवावे, नेमल्यावर निदान दहा वर्षे हलवू नये, आणि निवड कोणत्या कारणांनी झाली हे शिक्षकसभेत उभे राहून सांगावे. तिसऱ्या कलमातील पोटकलमात यांपैकी कशालाही मनाई नाही.